खांदा देईपर्यंत

गृहसंस्थेचा माणूस पहिल्यांदा स्पूलस्ट्राट गल्लीत आला तेव्हा त्याला कुणी दाराच्या आत घेतलं नाही. बिचारा रिपरिप पावसात उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलत होता आणि आतली माणसं दाराच्या फटीतून ऐकत होती. आम्ही ट्वेंटे भागातली डच माणसं तशी उद्धट नाही. अनोळखी माणसाला कॉफी विचारावी की नाही, हे ठरवायला आम्हाला दोन-तीन वर्षं लागतात एवढंच. गृहसंस्थेला एवढा वेळ नव्हता. गिरणीच्या काळात विणकरांसाठी बांधलेली, एकमेकींना खेटून उभी असलेली ती घरं तिच्या मालकीची होती आणि त्यांतला गॅस बंद करायचा असं वर कुठेतरी ठरलं होतं. भिंती आतून जाड करायच्या, परसात घर तापवणारा विजेचा हीट पंप बसवायचा, स्वयंपाकाला विजेची शेगडी द्यायची. पण बहुतेक भाडेकरूंनी हो म्हटल्याशिवाय भिंतीत खिळाही ठोकता येत नव्हता. मग कुणीतरी त्या माणसाला शहाणपण शिकवलं, की असं दारोदार भिजू नकोस, एशुइसांच्या हर्मीनला गाठ.

हर्मीन एशुइस साठीच्या पलीकडची, अंगाने दणकट आणि आवाजाने त्याहून दणकट. सगळा जन्म तिने घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. गल्लीतल्या निम्म्या घरांतली आई नाहीतर सासरा तिच्या हातून स्वच्छ होऊन देवाघरी गेला होता. तिने लग्न केलं नाही. ज्या घरात जन्मली त्याच घरात ती आपल्या बापाला, नव्वदीला टेकलेल्या मारिनूसला, सांभाळत होती. तिला दारात ताटकळत ठेवायची कुणाची छाती नव्हती.

आणि ती गृहसंस्थेच्या गोड बोलण्याला भुलली असंही नाही. वर ग्रोनिंगेनला तिची मावसबहीण राहायची. खालून गॅस उपसून उपसून तिथली जमीन हादरायला लागली आणि त्या बहिणीच्या घराला बाहेरून लाकडाचे टेकू लावायची पाळी आली. हर्मीनने ते टेकू डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या अंघोळीच्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या भिंती फाटाव्यात हे तिला पटत नव्हतं. म्हणून ती सकाळच्या कॉफीच्या वेळेला एकेका घरी गेली, समोर आलेलं एक बिस्किट खाल्लं, दुसरं आमच्या रीतीप्रमाणे कुणी पुढे केलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. मग तिने विषय काढला.

सगळ्यात आधी ती गेली शेजारच्या ओल्थुइसांकडे. रीकी ओल्थुइस तिची शाळेपासूनची मैत्रीण. बेरेंड हा रीकीचा नवरा, ट्रक चालवून निवृत्त झालेला, तोंडाने फाटका.

"हे बघ हर्मीन, मला त्या पंपातलं काडीचं कळत नाही," रीकी म्हणाली. "तू आमच्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते सांग."

"अगं, मी तुमच्याच जागी आहे. मी घेतेय."

"झालं तर मग. बेरेंड, हर्मीन घेतेय."

"घेऊ दे. आपणही घेऊ," बेरेंड वर्तमानपत्रामागून म्हणाला. "पण थंडी वाजली ना, तर उशी घेऊन हिच्याकडेच झोपायला येणार मी."

"ये की. बाबांच्या शेजारी जागा आहे. ते घोरतात मात्र."

तिघंही हसली. हेच पुढे घरोघरी झालं. समोरचा टोनी लेफेरिंक, जो स्वतःच्या बायकोचंही कधी ऐकत नव्हता, तोसुद्धा म्हणाला, "तू म्हणतेस म्हणून हो." तू म्हणतेस म्हणून! हे शब्द ऐकून हर्मीनला बरं वाटलं. खरं तर घाम फुटायला हवा होता. पंप गृहसंस्थेचा, पैसा गृहसंस्थेचा, पण जबाबदारी अलगद तिच्या गळ्यात येऊन पडली होती.

उन्हाळ्यात काम झालं. गॅसचे मीटर काढून नेले, गल्लीतला पाइप कायमचा बंद झाला. मशीन बसवणाऱ्याने प्रत्येक घरात ऊब कमी-जास्त करायची भिंतीवरची नवी चकती दाखवली आणि बजावलं, ही वीस अंशांवर ठेवा आणि विसरून जा, दिवसा-रात्री हात लावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता आमच्याकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको सांगण्यासारखं. झोपायला जाताना चकती खाली करायची, दुकानात जातानाही खाली करायची, सकाळी उठलं की झोपायच्या खोलीची खिडकी सताड उघडून रजया बाहेर टाकायच्या. हे आम्ही शिकत नाही, हे आमच्या हाताला जन्मतःच येतं. झोपलेल्या माणसासाठी घर तापवणं हे बायबलात लिहिलेलं नसलं तरी आमच्याकडे पाप आहे. गॅसचा बॉयलर हे सगळं खपवून घ्यायचा. सकाळी चकती वर केली की कॉफी उकळेपर्यंत घर गरम. पंप मात्र मंद आचेवरच्या पातेल्यासारखा. एकदा गार पडू दिलं की दिवसभर हळूहळू तापवत बसतो. आणि संध्याकाळी कुठे जरा ऊब धरते न धरते, तोवर हे झोपायला जाताना पुन्हा चकती खाली!

डिसेंबरात कालवा गोठला आणि गल्लीही. माणसं घरात कोट घालून बसायला लागली. काहींनी विजेचे हीटर आणून लावले आणि बिल पाहून आणखी भडकली. गृहसंस्थेची माणसं येऊन पंप तपासायची, मशीन उत्तम आहे म्हणायची आणि जायची. शिव्या खायला मागे उरायची हर्मीन.

ती पुन्हा दारोदार गेली. या वेळी बिस्किट नव्हतं.

"चकती खाली नाही ना करत कुणी?"

"आम्हाला काय कुक्कुलं बाळ समजलीस?" टोनी गुरकावला. "सांगितलंय ना हात लावू नका म्हणून? नाही लावत. तुझं मशीनच भिकार आहे ते बोल!"

गल्लीच्या सभागृहात बैठक झाली तिथे तर बेरेंड खुर्चीवरून उठलाच. "सगळ्यांच्या देखत सांगतो, मी त्या चकतीला बोट लावलेलं नाही. माझ्या आईच्या कबरीची शपथ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणारा प्रत्येक जण रात्री त्या चकतीला बोट लावतच होता. खोटारडेपणा म्हणावा तर तोही नव्हता. दिवा मालवणं म्हणजे दिव्याशी खेळणं नव्हे, तसंच रात्री चकती खाली करणं म्हणजे चकतीला हात लावणं नव्हे, असंच त्या माणसांना मनापासून वाटत होतं. हर्मीनला संशय होता, पण आईची शपथ घेतलेल्या माणसाला खोटं कसं ठरवणार?

तिच्या स्वतःच्या घरात ऊब होती, आणि गल्लीला सगळ्यात जास्त खुपत होतं ते हेच. कारण साधं होतं. पुढच्या खोलीत मारिनूस अंथरुणाला खिळलेला, त्याला गारवा सोसायचा नाही म्हणून ती चकती कधी हलवतच नव्हती. बाप धडधाकट असता तर तिचाही हात रात्री तिकडे गेलाच असता. गल्लीने मात्र आपला निष्कर्ष काढला: हिने दलाली खाल्ली, हिला चांगला पंप मिळाला, आपल्याला गाळ. कुणीतरी तिच्या खिडकीवर अंडी फोडली. टोनीने आपली जुनी गॅसची शेगडी आणून तिच्या पुढच्या बागेत, बरोबर गुलाबांवर ठेवली. दुकानात ती रांगेत उभी राहिली की पुढच्या बायकांना एकदम भिंतीवरचं घड्याळ आवडायला लागायचं.

जानेवारीत रीकीचा वाढदिवस आला. दरवर्षी भिंतीला लावून खुर्च्यांचं कोंडाळं मांडलं जायचं, हर्मीन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. त्या वर्षी तिला बोलावणं आलं नाही. भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं, टाळ्या ऐकू आल्या. ती बापाच्या पायांना तेल चोळत बसली आणि रडली. चांगली हमसून रडली.

"काय झालं गं?" मारिनूसने विचारलं.

"काही नाही बाबा. सर्दी."

"या घरात सर्दी? मला तर घाम येतोय."

म्हाताऱ्याला बाहेरचं काही ठाऊक नव्हतं. त्याचं एकच मागणं होतं आणि ते तो दिवसातून अनेकदा बोलून दाखवायचा. "मला गल्लीने न्यायचं हां, हर्मीन. भाड्याची माणसं नकोत, ते करड्या हातमोज्यांचे. मी या गल्लीतल्या एकूण एक मयताला खांदा दिलाय. माझा हक्क आहे तो."

"हो बाबा. गल्लीच नेईल."

"वचन दे."

"दिलं."

आमच्याकडे शेजारधर्म म्हणजे नुसतं गोड बोलणं नाही. घरात कुणी गेलं की घरच्यांनी फक्त पहिल्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं. पुढचं सगळं तो बघतो. घरोघरी निरोप तोच देतो, खांदेकरी तोच जमवतो. घरच्यांनी रडायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. हर्मीनचा पहिला शेजारी होता बेरेंड ओल्थुइस. बापाचं दुखणं वाढलं तेव्हा तिने कचऱ्याच्या डब्यांपाशी त्याला गाठलं आणि कसंबसं विचारलं, की वेळ आली तर तू येशील ना?

बेरेंडने डब्याचं झाकण आपटलं. "तुझ्या त्या पंपावर बसव ना बापाला! तोच नेईल कबरीपर्यंत. हळूहळू का होईना, पोचेल."

त्या दिवसापासून हर्मीनचा जीव थाऱ्यावर नव्हता. पंपाचं जाऊ दे, गल्लीचं जाऊ दे, पण दिलेला शब्द? म्हातारा भाड्याच्या माणसांच्या हातून गेला तर ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती.

मारिनूस एका सोमवारी सकाळी गेला, कॉफीचा पेला अर्धा ठेवून. हर्मीनने त्याचे डोळे मिटले, तोंड पुसलं, कोट चढवला आणि ओल्थुइसांचं दार वाजवलं.

बेरेंडने दार उघडलं. अंगात जाडजूड स्वेटर, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडातून वाफ. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बेरेंड, बाबा गेले."

बेरेंडने टोपी काढली.

"आत ये," तो म्हणाला. "थांब. काळा कोट घालतो, आधी टोनीकडे जातो."

एवढंच. हर्मीन दाराच्या आतल्या अरुंद बोळात जाऊन उभी राहिली. घर तळघरासारखं गार होतं. वरच्या खोलीतून रीकीचा खोकला येत होता, छाती खरवडून काढणारा. आजाऱ्यांमध्ये जन्म गेलेल्या हर्मीनला तो खोकला ऐकूनच कळलं, की हे साधं नाही.

बेरेंड काळा कोट घालून आला. बटणं लावत दाराकडे निघाला, आणि जाता जाता, न बघता, त्याचा हात भिंतीकडे गेला. चकती फिरली. विसावरून पंधरावर. जसा माणूस बाहेर पडताना खिशातली किल्ली चाचपतो तसा.

"बेरेंड—"

"काय?"

आता बोलायचं. सगळ्या हिवाळ्याचं उत्तर भिंतीवर होतं, हाताच्या अंतरावर. पण बोलायचं म्हणजे काय? आईच्या कबरीची शपथ खोटी, सभागृहातल्या टाळ्या खोट्या, असं या माणसाला तोंडावर सांगायचं. तेही तो तिच्या बापासाठी काळा कोट घालून उंबऱ्यात उभा असताना. भडकला तर? कोट काढून फेकला तर?

"काही नाही," हर्मीन म्हणाली.

दफन शनिवारी ठरलं. पंप गेला खड्ड्यात, तिने मनाशी म्हटलं, आधी बाबांना खांदा मिळू दे. मग सांगेन. पण दोन घरांमधली भिंत जुनी, पातळच होती आणि खोकला भिंतीला जुमानत नव्हता. मधल्या एका दुपारी ती वाटाण्याचं घट्ट सूप घेऊन वर गेली. रीकी दोन स्वेटर घालून रजईत गुरफटली होती. ओठ निळसर पडले होते. एवढ्या महिन्यांनी तिने हर्मीनचा हात हातात घेतला.

"माझं चुकलं गं. वाढदिवसाला बोलवायला हवं होतं मी तुला. बेरेंडने ऐकलं नाही."

"जाऊ दे ते. सूप घे."

"मारिनूसचं नीट पार पडू दे. मग माझं बघू."

हर्मीन खाली आली. चकती पंधरावर. तिने बोट उचललं. बेरेंड संध्याकाळी घरी आल्यावर पाहील, विचारेल, आणि तोंडाने फाटका असला तरी तो मूर्ख नाही, क्षणात ओळखेल. तिने बोट मागे घेतलं आणि घरी गेली. स्वतःच्या उबदार खोलीत बसवेना म्हणून परसात जाऊन थंडीत उभी राहिली. त्याने रीकीला काय फरक पडणार होता?

शनिवारी सहा जण आले, काळ्या कोटात, दाढ्या करून. पुढे बेरेंड आणि टोनी. चर्चपासून कबरीपर्यंत एकदाही पाऊल चुकलं नाही, कुणी खांदा बदलला नाही. गोठलेल्या मातीशेजारी त्यांनी मारिनूसला असं हलकेच ठेवलं, की जणू झोपमोड होईल. हर्मीनने त्या सहांकडे पाहिलं आणि तिला त्या सगळ्यांबद्दल, गुलाब चिरडणाऱ्या टोनीबद्दलसुद्धा, माया दाटून आली.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती. बेदाण्यांच्या पावाचे लोणी लावलेले जाड तुकडे होते. रीकीही आली होती, शालीत गुंडाळलेली, दर दोन घोटांनी खोकत. बेरेंड स्वतःहून हर्मीनच्या टेबलाशी येऊन बसला. टोनीही आला. टेबलावर बशी फिरली आणि कुणीतरी हर्मीनपुढे पावाचा दुसरा तुकडा सरकवला.

"म्हातारा उबेत गेला, हे बरं झालं," बेरेंड म्हणाला. आवाजात राग नव्हता. "एक विचारू का गं, खरं सांग. तुझं घर गरम राहतं कसं?"

इथेही गप्प बसता आलं असतं. दोन-चार दिवस थांबून, चकतीबद्दल कुठे वाचलं म्हणून, सहज सांगता आलं असतं. पण रीकी पुन्हा खोकली.

"मी चकती खाली करत नाही, बेरेंड. तू करतोस. रात्री करतोस, बाहेर पडताना करतोस. सगळेच करता. त्याने घर गार पडतं आणि पंपाला ते पुन्हा तापवता येत नाही."

"मी? मी आईची शपथ—"

"मी पाहिलं."

बेरेंड लाल झाला. आपला उजवा हात त्याने टेबलावर पालथा ठेवून पाहिला. टोनी खिडकीबाहेर बघायला लागला. ज्याला त्याला आपापल्या घराचा बोळ आठवत असणार.

"कधी पाहिलंस?" हे रीकीने विचारलं.

हर्मीन आयुष्यात कधी धड खोटं बोलली नव्हती. "सोमवारी. बाबांचं सांगायला आले तेव्हा."

"सोमवारी." रीकीने कप खाली ठेवला. "तू माझ्याकडे सूप घेऊन आली होतीस."

"हो."

"माझ्या पलंगावर बसली होतीस. हात धरून."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"रीकी, सांगितलं असतं तर यांनी बाबांना खांदा दिला नसता गं! हाच म्हणाला होता मला, डब्यांपाशी—"

"म्हणालो होतो!" बेरेंड उठला, खुर्ची मागे पडली, हॉलमधली सगळी बोलणी थांबली. "रागात माणूस वाट्टेल ते बोलतो! तू सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, मरेपर्यंत घातल्या असत्या, आणि शनिवारी खांदा दिला असता! मारिनूसला आम्ही पंपापायी दारात ठेवला असता असं वाटलं तुला? आमच्याबद्दल? इतकी वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहून?"

हर्मीनने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. ती त्या माणसांना जन्मापासून ओळखत होती आणि तरी तिने त्यांना ओळखलं नव्हतं.

"चल," बेरेंडने रीकीच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जाऊ."

पुढच्या आठवड्यात गल्लीत खिडक्यांवरचं धुकं नाहीसं झालं. विजेचे हीटर एकेक करून भंगारात जाऊन पडले. गृहसंस्थेच्या माणसाचा फोन आला, त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. तक्रारी बंद झाल्या होत्या. आता मागच्या गल्लीतही हर्मीनबाईंनीच बोलावं, लोक तुमचं ऐकतात, असं म्हणाला. तिने फोन ठेवून दिला.

कोट घालून ती शेजारी गेली. रीकीने दार उघडलं, पण अर्धंच. ती बरी दिसत होती. ओठांना रंग आला होता, अंगात एकच स्वेटर होता. तिच्या मागून बोळातली ऊब हर्मीनच्या तोंडावर आली.

"खोकला कसा आहे?"

"गेला."

"आणि घर? आता गरम राहतं ना?"

"गरम आहे," रीकी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.